मुलांसाठी बसून चालवायचा पोकलेन: आधी वाळू बघा, मग खेळणे

रस्त्याकडेला खोदकाम चालू असले की लहान मूल तिथून पाय उचलत नाही. गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतल्या मुलांना तर खाणींमुळे जेसीबी कुठला आणि पोकलेन कुठला हे अक्षरओळखीच्या आधीच कळते. बसून वाळू उपसायचे जे खेळणे मिळते ते दुकानात बहुतेक वेळा 'जेसीबी' या नावाने विकले जाते, पण त्याची रचना पोकलेनची असते: मधोमध बैठक, पुढे लांब हात, हाताच्या टोकाला बकेट, आणि बैठकीसकट सगळे पूर्ण गोल फिरणारे. नाव कुठलेही असो, विकत घेताना पहिला प्रश्न हाच विचारा की ते पूर्ण गोल फिरते का. फिरत नसेल तर मुलाला एका बाजूने उपसून दुसऱ्या बाजूला टाकता येत नाही. समोर खणायचे आणि समोरच ओतायचे, यात दोन दिवसांत रस संपतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हे खेळणे किती वर्षे टिकेल आणि मूल त्यावर किती रमेल, हे कंपनीपेक्षा तुमच्या अंगणातली जमीन ठरवते. गोव्यात अंगण म्हणजे तांबडी माती, खाली जांभा, समुद्राकडे खारा वारा आणि वर्षातले चार महिने पाऊस. जाहिरातीतल्या फोटोत असते ती मऊ, सुकी, पांढरी वाळू. या दोन्हींत जे अंतर आहे त्याचा विचार न करता घेतलेले खेळणे पहिल्याच उन्हाळ्यात पडवीच्या कोपऱ्यात जाते. म्हणून खड्ड्याची जागा आणि वाळू आधी ठरवा, खेळणे नंतर मागवा.

ते चालते कसे

दोन लीव्हर असतात. बहुतेक मॉडेलांत एकाने हात वर-खाली होतो, त्याला ऑपरेटर लोक बूम म्हणतात, आणि दुसऱ्याने बकेट आत-बाहेर वळते. गोल फिरायला तिसरा लीव्हर नसतो. मूल पायाने जमीन ढकलते आणि बैठक फिरते. म्हणजे हात पोचून भागत नाही, पायही जमिनीला टेकले पाहिजेत.

आता तोल बघा, कारण अपघात इथेच होतात. समजा खालची बैठ, म्हणजे जमिनीवर टेकणारा पाया, ६० सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे तिची पुढची कड मध्यापासून ३० सेंटिमीटरवर. बकेट मध्यापासून ९० सेंटिमीटरवर. मूल १५ किलोंचे, यंत्र ८ किलोंचे. बकेटमध्ये ओली वाळू भरली तरी ती दीडदोन किलोंच्या वर जात नाही. मूल नीट बसलेले असताना यंत्र पुढे कलंडायला बकेटवर ११ किलोंहून जास्त भार यावा लागतो. म्हणजे वाळू उपसताना काळजीचे कारण नाही.

पण हेच मूल पावठ्यावर उभे राहून पुढे झुकले की त्याचे वजन पुढच्या कडेजवळ सरकते आणि ५ किलोंच्या ओढीतही यंत्र पुढे येते. उलट, बकेट कडक जमिनीत खुपसायला मूल लीव्हरवर जोर देऊ लागले तर जमीन बकेटला वर ढकलते. त्या वेळी मागची कड टेकू होते, बकेट तिथून १२० सेंटिमीटरवर असते, आणि पावणेसहा किलोंच्या आसपास जोर आला की पुढची बाजू उचलली जाऊन मूल मागे पडते. तांबड्या मातीत, त्यातही मार्च-एप्रिलमध्ये ती दगडासारखी वाळते तेव्हा, नेमके हेच होते. घट्ट मातीत हे खेळणे वापरू नये ते एवढ्यासाठीच. बकेटचे दात वाकतात, लीव्हरची पिन झिजते, ते सगळे वेगळेच.

त्यामुळे बैठ जितकी रुंद तितकी चांगली. ५० सेंटिमीटरपेक्षा अरुंद असेल तर घेऊ नका. गोल कडीसारखी बैठ चारही दिशांना सारखा आधार देते. नुसते चार पाय असतील तर दोन पायांच्या मधल्या दिशेला तोल कमी पडतो, आणि मूल फिरत फिरत त्या दिशेला येतेच.

मुलाचे माप घ्या

वयावर भरवसा ठेवू नका. तीन वर्षांचे एक मूल लीव्हरला सहज पोचते, दुसरे पोचत नाही. तीन मापे घ्या. मुलाला पाटावर किंवा स्टुलावर ताठ बसवा आणि गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून तळव्यापर्यंतची उंची मोजा. खेळण्याच्या बैठकीची उंची याच्याएवढी किंवा दोनतीन सेंटिमीटर कमी असावी. मग पाठीपासून मुठीपर्यंत, हात समोर सरळ करून, किती अंतर भरते ते बघा. लीव्हर पुढच्या टोकाला गेला तरी मुलाचे बूड बैठकीवरून उठता कामा नये. तिसरे माप वजन. कंपनीने लिहिलेल्या कमाल वजनापेक्षा मूल निदान १० किलो हलके असू द्या, कारण दोन वर्षांत ते चारपाच किलोंनी वाढणार आहे आणि शेजारचे मोठे मूलही त्यावर बसणार आहे.

पूर्ण प्लॅस्टिकच्या खेळण्याला बहुतेक वेळा २५ ते ३० किलोंची मर्यादा असते, लोखंडी नळ्यांच्या खेळण्याला ५० किलोंपर्यंत. घरात तीन आणि सात वर्षांची दोन भावंडे असतील तर लोखंडीच घ्या. एकटे तीन वर्षांचे मूल असेल तर चांगल्या प्लॅस्टिकचे पुरते, आणि पडल्याचा मारही कमी बसतो.

लोखंड, प्लॅस्टिक, बॅटरी

बॅटरीचे आधी सांगून टाकू: वाळूसाठी घेऊ नका. म्हापशाला किंवा मडगावला खेळण्यांच्या दुकानांत ६ व्होल्ट किंवा १२ व्होल्टची बॅटरी असलेल्या गाड्या सहज दिसतात, त्यांतल्या काहींना पुढे बकेटही असते. पण बॅटरीवर फिरतात ती चाके. बकेट बऱ्याचदा हातानेच उचलायची असते किंवा नुसती शोभेची असते. वाळूचे कण गिअरच्या डब्यात शिरले की प्लॅस्टिकचे दाते झिजतात आणि गाडी करकर आवाज करून थांबते. खाऱ्या हवेत बॅटरीच्या टोकांवर हिरवी-पांढरी पूड धरते. पावसाळ्यात चार महिने चार्ज न करता ठेवलेली शिसे-आम्लाची बॅटरी बऱ्याचदा पुन्हा उभी राहत नाही. सिमेंटच्या अंगणात फिरवायला ती गाडी ठीक आहे, खणायला नाही.

लोखंडी खेळण्यात रंग किती चमकतो ते बघू नका, रंग कुठे नाही ते बघा. पावडर कोटिंग नळीला बाहेरून असते. नळीच्या आत बहुधा काहीच नसते, आणि गोव्यात गंज लागतो तो आतूनच. नळीच्या प्रत्येक उघड्या टोकाला प्लॅस्टिकचे बूच आहे का, ते घट्ट बसते का, हे बोटाने दाबून पाहा. वेल्डिंगच्या जोडावरून नख फिरवा. तिथे रंगाखाली बारीक फोड किंवा खडबडीत दाणे लागले तर पहिला पाऊस संपायच्या आत त्याच जागी तांबूस ओघळ दिसेल. खेळणे हलवून पाहा, आत काही खुळखुळले तर वेल्डिंगचे तुकडे नळीत राहिले आहेत. नळीच्या पत्र्याची जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास असावी. बुचाजवळच्या उघड्या कडेवरून ती मोजता येते.

नट-बोल्ट कशाचे आहेत ते विचारा. साधे जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट वाळपई किंवा केपेकडे दोनतीन वर्षे सहज काढतात. कळंगुट, मिरामार, कोलवा अशा ठिकाणी, जिथे खिडकीची कडी वर्षभरात खडबडीत होते, तिथे ते सगळे काढून ३०४ प्रतीचे स्टेनलेस बोल्ट घाला. हार्डवेअरच्या दुकानात सहा आणि आठ मिलिमीटरचे मिळतात. ओळखायला चुंबक लावा: ३०४ला तो चिकटत नाही किंवा अगदी हलका धरतो. फिरत्या जोडांना नायलॉनचे कडे आतून बसवलेले नट लागतात, साधे नट हादऱ्याने सैल होतात.

जिथे बैठक फिरते तो मधला जोड खेळण्याचा जीव आहे. उघडे बॉल बेअरिंग असेल तर वाळू आत जाणारच. नायलॉनचा किंवा कडक प्लॅस्टिकचा बुश, म्हणजे आसाभोवतीची नळकांडी, असेल तर वाळू गेली तरी फिरत राहते, फार तर घासल्याचा आवाज येतो. आणि इथे बहुतेक जण एक चूक करतात. जोड जड झाला की ग्रीस भरतात. ग्रीसला वाळू चिकटते, दोघांची मिळून घासकागदासारखी लुगदी होते आणि महिनाभरात बुश खाऊन टाकते. जोड उघडा, गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि कोरडी ग्रॅफाइट पूड किंवा सिलिकॉनचा फवारा मारा. तेलही नको.

प्लॅस्टिकचे खेळणे घेताना पाण्याच्या काळ्या टाकीची आठवण ठेवा. उन्हात ती वर्षानुवर्षे टिकते कारण त्या प्लॅस्टिकमध्ये अतिनील किरणांना अडवणारे घटक असतात. खेळण्याच्या माहितीत तसा उल्लेख नसेल तर एका उन्हाळ्यात रंग उडतो, अंगावर खडूसारखी पूड येते आणि मग लीव्हरच्या मुळाशी तडा जातो. भिंत अंगठ्याने दाबा. पत्र्याच्या डब्यासारखी आत-बाहेर होत असेल तर ती बसायची वस्तू नाही.

बोटे कुठे अडकतात

लीव्हर आणि बूम यांच्या सांध्यांत फटी असतात, आणि सांधा हलतो तशी फट लहान-मोठी होते. खेळण्यांच्या सुरक्षेचा नियम साधा आहे: अशा बिजागरीच्या फटीत ५ मिलिमीटरची सळी जात असेल तर १२ मिलिमीटरचीही गेली पाहिजे. म्हणजे फट एक तर बोट शिरणारच नाही इतकी बारीक असावी, नाही तर बोट शिरले तरी चिरडणार नाही इतकी मोठी. घरी तपासायला ५ एमएमचे ड्रिल बिट आणि बांधकामाच्या १२ एमएम सळीचा तुकडा पुरतो. लीव्हर सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या आणि प्रत्येक स्थितीत तपासा. बिट शिरले पण सळी अडली, की ती जागा बोट चेचणारी. दोन ठिकाणी विशेष बघा: बकेटच्या मागचा दुवा, आणि फिरती बैठक व खालची बैठ यांच्यामधली जागा. तिथे बसलेल्या मुलाचे बोट सहसा जात नाही. शेजारी बसून वाळूचे किल्ले करणाऱ्या लहान भावंडाचे जाते.

१ जानेवारी २०२१पासून भारतात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. साध्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३ आणि विजेच्या किंवा बॅटरीच्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ ही मानके आहेत. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या मोबाइल अॅपमध्ये टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का, हे तिथल्या तिथे दिसते. ऑनलाइन मागवताना विक्रेत्याकडून खोक्यावरच्या चिन्हाचा फोटो आधी मागवा. द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरीकडे बघा. सुटे भाग मिळतात का तेही याच वेळी विचारा: लीव्हरच्या मुठी, नळीची बुचे, मधला बुश. बाकी काही मोडले तर कुठलाही वेल्डिंगवाला जोडून देईल. मात्र वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा रंग जळतो, तेव्हा जोड घासून त्यावर जस्ताचा प्रायमर आणि दोन हात रंग त्याच दिवशी लावून घ्या.

वाळूचा खड्डा

खेळण्यापेक्षा याला जास्त वेळ द्या.

आकार २ मीटर बाय २ मीटर, खोली ३० सेंटिमीटर. वाळू लागते १.२ घनमीटर, म्हणजे अर्ध्या ब्रासपेक्षा (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडी कमी. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांनी मोजायची तर साधारण ३४ पिशव्या. वजन १९०० किलोंच्या आसपास, तेव्हा 'छोटा हत्ती' तीन फेऱ्या करील हे धरून भाड्याचे आधीच बोलून घ्या.

हे वजन लक्षात आले म्हणजे फ्लॅटवाल्यांना वेगळे सांगावे लागत नाही. ३० सेंटिमीटर वाळू म्हणजे दर चौरस मीटरला ४८० किलो, ओली असली तर आणखी. राहत्या घराच्या मजल्याची रचना साधारण २०० किलोंच्या हिशेबाने केलेली असते. पणजी-फोंड्याच्या इमारतींत गच्चीवर किंवा बाल्कनीत असा खड्डा करूच नये. खाली सोसायटीच्या मोकळ्या जागेत सगळ्या मुलांसाठी मिळून एक करा.

जागा निवडताना वर बघा. माडाखाली नको. नारळ किंवा वाळलेले झावळ कधी पडेल ते कुणी सांगू शकत नाही, आणि मूल यंत्रावर बसलेले असते तेव्हा ते चटकन बाजूला होत नाही. आंबा, फणस किंवा घराची संध्याकाळची सावली चांगली. फणसाखाली असेल तर फळे धरली की खड्डा हलवता येत नाही, हेही आधी ध्यानात घ्या. विहिरीपासून, कुंपणाच्या काटेरी तारेपासून आणि गाडी मागे घेण्याच्या वाटेपासून दूर.

माती ३५ सेंटिमीटर खणा. तळाशी ५ सेंटिमीटर बारीक खडी पसरा, पाणी तिच्यातून निचरते. खडीवर जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड, ते नसेल तर शेडनेट दुहेरी करून, आणि ते चारही बाजूंनी वर कडेपर्यंत आणा. हे कापड टाळले तर वर्षाच्या आत तांबडी माती वाळूत मिसळते. मग ओल्या दिवशी चिखल होतो, सुक्या दिवशी ढेकळे, आणि कपड्यांवरचे डाग निघत नाहीत. प्लॅस्टिकचा कागद मात्र घालू नका, त्यात पाणी साठते आणि डास होतात.

कडेला चिऱ्यांचा एक थर लावायची इथे पद्धत आहे. चिरा खरखरीत असतो, गुडघे सोलवटतात. वरच्या कडेला गिलावा करून ती गोल करून घ्या. माडाचे ओंडके आडवे टाकले तर ते गोलच असतात आणि मुलांना बसायलाही बरे. फक्त वाळवी लागते आणि दोनतीन पावसाळ्यांत आतून पोकळ होतात, तेव्हा दर ऑक्टोबरला लाथ मारून आवाज ऐका.

आता वाळू. नदीची, धुतलेली, गोल कणांची. कण बारीक रव्यापासून जाड रव्याएवढे. गिलाव्याची रेती चाळतात त्या चाळणीतून घालून घ्या, खडे आणि शिंपल्यांचे तुकडे वर राहतात. काचेच्या बाटलीत १० सेंटिमीटर वाळू भरा, वर पाणी घाला, जोरात हलवा आणि तासभर ठेवा. वाळूवर गाळाचा थर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड बसला तर ती वाळू पुन्हा धुवावी लागेल.

क्रशरची वाळू, जिला एम-सँड म्हणतात, खड्ड्यात घालू नका. ती दगड फोडून केलेली असते. कण टोकदार, डोळ्यात गेले तर बुबुळ खरचटते, आणि तिच्यातली बारीक पूड सुकी असताना नाकातोंडात जाते. बांधकामाला ती चांगली आहे, मुलांना नाही. समुद्राची वाळू आणणे सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, नियमांत बसत नाही. शिवाय तिच्यातले मीठ हवेतली ओल ओढून घेते आणि लोखंडाला सतत दमट ठेवते. नदीची रेतीही परवान्याशिवाय उपसता येत नाही, म्हणून पुरवठादाराकडून बिल आणि वाहतुकीचा परवाना मागून घ्या.

वाळू सुकी ठणठणीत असेल तर बकेट उचलेपर्यंत निम्मी गळून जाते आणि मूल चिडते. यंत्र वाईट आहे असे वाटते, खरे तर वाळूला पाणी हवे असते. थोड्याशा पाण्याने कण एकमेकांना धरतात. २ बाय २ मीटरच्या खड्ड्याला वरचा १० सेंटिमीटरचा थर ओलसर करायला एक १५ लिटरची बादली पुरते, झारीने शिंपडून. मुठीत वाळू दाबून मूठ उघडा. लाडू बसला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर बरोबर. हाताला पाणी लागले तर जास्त झाले.

यंत्र खड्ड्याच्या मधोमध ठेवले तर एका बाजूला रुतून तिरपे होते. वाळूखाली १० सेंटिमीटरवर ६० बाय ६० सेंटिमीटरची सिमेंटची फरशी समपातळीत बसवा आणि तिच्यावर बैठ टेकवा. बैठ ६० सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर फरशीही त्या मापाची घ्या. मग बकेट फिरते तिथपर्यंत आणि त्याच्यापुढे आणखी ६० सेंटिमीटर, असे मध्यापासून सुमारे दीड मीटरचे वर्तुळ मोकळे ठेवा. ते खड्ड्याबाहेरही जाईल, तिथे चुन्याने रेघ ओढा. मूल बसलेले असताना दुसऱ्या कुणी रेघेच्या आत यायचे नाही, हा एकच नियम सगळ्या मुलांना पाठ हवा. बकेट जोरात फिरली तर तिची उंची नेमकी तीन वर्षांच्या मुलाच्या तोंडाएवढी असते.

जोडणी

खोक्यातले सगळे भाग जुन्या चादरीवर मांडा, जमिनीवर नको, वॉशर हरवतात. सहा मिलिमीटरच्या बोल्टला १० नंबरचा पाना, आठच्या बोल्टला १३चा. सगळे बोल्ट आधी नुसते हाताने लावून घ्या. एकेक जोड घट्ट करत गेलात तर शेवटची दोन भोके जुळत नाहीत, आणि मग लोक हातोडीने ठोकून रंग उडवतात. सगळे बसले की खालून वर घट्ट करत या. फिरत्या सांध्यांत नायलॉनचे वॉशर लोखंडाच्या दोन्ही बाजूंना हवेत, एकीकडे विसरलात तर रंग घासून तिथूनच गंज सुरू होतो.

सांधा किती आवळायचा? लीव्हर पूर्ण वर उचला आणि सोडा. धपकन पडला तर सैल आहे, अधांतरी राहिला तर जास्त आवळला आहे. सावकाश, दीडदोन सेकंदांत खाली यावा. पहिल्या दोन दिवसांच्या खेळानंतर सगळे बोल्ट एकदा पुन्हा बघा, नंतर महिन्यातून एकदा.

बकेटच्या तळाला ६ मिलिमीटरची दोन भोके नसतील तर पाडून घ्या आणि कडा कानशीने घासा. उलट्या न ठेवलेल्या बकेटमध्ये पावसाचे पाणी साचते आणि तेवढे पाणी डेंगीच्या डासाला पुरते.

पहिल्या दिवशी मुलाला खणायला लावू नका. रिकाम्या बकेटने दोन्ही लीव्हर वेगवेगळे हलवून बघू दे. मग समोर एक करवंटी ठेवा आणि बकेटने तिच्यात वाळू ओतायला सांगा. तीन वर्षांच्या मुलाला दोन हात दोन वेगळ्या कामांना लावायला वेळ लागतो, अर्धा तास गेला तरी चालेल. दोन मुले असतील तर पाळी वेळेने नाही, बकेटने मोजा: वीस बकेट झाल्या की उतरायचे. मोजणीही होते आणि भांडणही कमी.

लोखंडी बैठक एप्रिलच्या दुपारी पोळते. बसवण्याआधी हाताचा मागचा भाग टेकवून बघा. सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतर, हीच वेळ चांगली.

किनाऱ्यावर नेणार असाल तर

हलके, चाकांचे प्लॅस्टिकचे खेळणे न्या. लोखंडी नेऊच नका. ओहोटीला पाणी मागे हटून जी ओलसर पट्टी उघडी पडते तिथे वाळू उत्तम धरते, भरतीची वेळ मात्र आधी बघून जा. खड्डा मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल होऊ देऊ नका, ओल्या वाळूच्या भिंती अचानक आत कोसळतात. निघताना खड्डा बुजवा. मोरजी, आश्वे, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. नोव्हेंबरपासून मेपर्यंत तिथे खणण्याचा खेळ नको, कारण रात्री समुद्राकडे निघालेली पिल्ले न बुजवलेल्या खड्ड्यात अडकतात. मर्यादवेल पसरलेल्या वाळूच्या टेकड्यांवर तर कुठल्याही महिन्यात खणू नका, ती वेलच वाळू धरून ठेवते. घरी आल्यावर खेळणे त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

ताडपत्री आणि पावसाळा

खेळ संपला की खड्ड्यावर ताडपत्री. मांजर आणि कुत्री मऊ वाळू सोडत नाहीत, आणि त्यांच्या विष्ठेतून जंतांची अंडी वाळूत जातात. ताडपत्री जमिनीला चिकटून टाकण्यापेक्षा मध्ये एक आडवा बांबू देऊन उतरती ठेवा, म्हणजे वर पाणी साचत नाही आणि खाली हवा राहते. उघडताना मोठ्या माणसाने, काठीने आणि लांबून उघडावी. विंचू आणि साप अशा सावलीच्या ओलाव्यात येऊन बसतात.

मेच्या शेवटच्या आठवड्यात खेळणे उचला, पहिल्या पावसाची वाट बघू नका. सगळे बोल्ट सैल करून गोड्या पाण्याने धुवा, दोन दिवस कडक उन्हात ठेवा, नळ्यांची बुचे काढून आतून वाळू द्या. रंग उडालेल्या जागा घासकागदाने चकचकीत होईपर्यंत घासा, प्रायमर, मग रंग. बोल्टना मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवा. बोल्टना तेल चालते, फिरत्या जोडाला नाही. मग माळ्यावर किंवा पडवीत भिंतीला टांगा, जमिनीवर ठेवले तर खालची कडी ओल धरते. खड्डा पावसात भरून वाहतो. तुंबलेल्या पाण्यात आणि त्या काळातल्या वाळूत मुलांना जाऊ देऊ नका, उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) पसरतो.

चवथ (गणेशचतुर्थी) होऊन गेली, पाऊस ओसरला आणि ऑक्टोबरचे ऊन तापले की वाळू पूर्ण उलटीपालटी करा, चारपाच दिवस उघडी तापू द्या आणि पुन्हा चाळा. तीन-चार पिशव्या नवी वाळू लागेल, तेवढी वाहून किंवा मुलांच्या खिशांतून गेलेली असते. उलटताना तळाशी तांबडी माती दिसली तर त्या जागी कापड फाटले आहे. तेवढाच कोपरा मोकळा करून वरून दुसरे कापड हातभर मोठे घाला, मगच वाळू लोटा.